पुण्यात हापूस विकणारे हजार, त्यात आपला उठून कसा दिसायचा?

बागायती_राजापूर | १८ फेब्रुवारी, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. आजवर वाचनमात्र होतो. पहिलाच धागा आहे, चूकभूल द्यावी घ्यावी.

राजापूर तालुक्यात आमची १४० कलमं आहेत. साठ आजोबांनी लावलेली, बाकी बाबांनी. पूर्वी सगळा माल वाशीला दलालाकडे जायचा. मी नोकरीनिमित्त पुण्यात. तीन वर्षांपूर्वी डोक्यात किडा वळवळला की आपणच थेट विकू. पहिल्या वर्षी ऑफिसातले, सोसायटीतले आणि बायकोच्या माहेरचे धरून २१० डझन गेले. दुसऱ्या वर्षी ३४०. गेल्या वर्षी १९०. आंबा तोच, कलमं तीच, दर उलट डझनामागे पन्नास रुपयांनी कमी केला होता.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात हापूसच्या अकरा जाहिराती पडल्या. मोजल्यात मी. नऊ जणांचा 'अस्सल देवगड हापूस', आणि अकराही जणांचं 'नैसर्गिकरीत्या पिकवलेला, कार्बाइडमुक्त, थेट बागेतून'. बारावी जाहिरात माझी. शब्द हेच. फोटोही तोच, गवतावर मांडलेले आंबे आणि पुढे एक कापलेला. माझी जाहिरात दुसऱ्या कुणाच्या नावाने आली असती तर मीसुद्धा ओळखली नसती.

तर काय करावं? लोगो? रील? दर आणखी उतरवावा? बाबांना विचारलं तर ते म्हणाले, "आंबा तोंडात गेल्यावर बोलतो." पण तोंडात जायच्या आधी कुणी फोन तरी करायला हवा ना.

---

खवचट_खान | १८ फेब्रुवारी, रात्री १०:५२

अकरा जणांनी 'थेट बागेतून' लिहिलंय यात खोटं काय? सारसबागेतून आणत असतील.

---

मीनल_डों | १८ फेब्रुवारी, रात्री ११:१५

खवचट, पहिल्याच प्रतिसादात? :हहगलो:

बागायती, स्वागत. रीलच्या नादाला लागू नका. आमच्या इमारतीतला एक जण आंब्याच्या पेटीभोवती नाचायचा. लोकांनी रील पाहिलं, हसले आणि आंबे नेहमीच्या भैयाकडून घेतले.

---

कलमबहाद्दर | १९ फेब्रुवारी, सकाळी ७:०५

मी रत्नागिरीचा. एक रोखठोक प्रश्न. बाग राजापुरात असताना तुमच्या जाहिरातीत 'देवगड' होतं की नव्हतं? रागावू नका, पण खरं सांगा.

---

बागायती_राजापूर | १९ फेब्रुवारी, सकाळी ९:२०

होतं. गेल्या वर्षी घातलं. 'देवगड चवीचा' असं. बायको तेव्हाही नको म्हणाली होती.

---

कलमबहाद्दर | १९ फेब्रुवारी, सकाळी ९:५८

कबूल केलंत, निम्मं काम झालं.

हापूसला भौगोलिक मानांकन २०१८ साली मिळालं. त्यात पाच जिल्हे आहेत : रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर. राजापूर रत्नागिरी जिल्ह्यात, म्हणजे 'हापूस' हे नाव तुमच्या हक्काचं आहे. मग दुसऱ्याच्या गावाचं नाव उसनं कशाला? खरं दुखणं वेगळंच आहे. कर्नाटकातला आंबा येतो, दिसायला जवळपास सारखा, रस्त्याकडेला 'देवगड' छापलेल्या खोक्यात बसतो आणि निम्म्या दरात जातो. त्याच्या ओळीत तुम्ही आपणहून जाऊन उभे राहिलात.

मानांकनाचे अधिकृत वापरकर्ते म्हणून बागायतदारांना स्वतःची नोंदणी करता येते. केली नसेल तर करा. प्रमाणपत्र भिंतीवर लावू नका, नोंदणी क्रमांक खोक्यावर छापा. आणि गावाचं नाव लिहा. तालुक्याचं नाही, गावाचं.

---

पोरगो_मालवणी | १९ फेब्रुवारी, दुपारी १२:३०

+१. आमका देवगडवाल्यांकाच इचारा, आमीच कंटाळलव. पुण्यात जेवढो 'देवगड' इकलो जाता तेवढे आंबे धरूक आमच्या सड्यार जागा तरी आसा काय?

आता आमच्याकडे फळावर क्रमांकाचे स्टिकर लावतत. ही पाळी लोकांनीच आणली.

---

खवचट_खान | १९ फेब्रुवारी, दुपारी १२:४४

आणि नोव्हेंबरात मलावीचा हापूस येतो तो वेगळाच. आफ्रिकेतून विमानाने येऊन वाशीत उतरतो. त्यालाही 'थेट बागेतून' म्हणता येईल, कोणी अडवलंय?

---

अनुराधा_कोथरूड | १९ फेब्रुवारी, दुपारी ३:१०

मी गिऱ्हाईक म्हणून लिहिते, विकणाऱ्यांनी जरा कान देऊन ऐका.

गेल्या चार वर्षांत सहा जणांकडून आंबे घेतले. पाच जणांची नावंसुद्धा आठवत नाहीत. फोनमध्ये 'आंबेवाला', 'आंबेवाला २', 'आंबेवाला नवा' असे जतन आहेत. एकाकडच्या डझनात पाच फळांत साका (आतला गर पांढरट, पोकळ आणि आंबट राहतो तो) निघाला. फोटो पाठवला. दोन निळ्या खुणा उमटल्या, त्यापुढे आजतागायत शांतता. पुढच्या वर्षी त्याचाच संदेश : 'नमस्कार ताई, हंगाम सुरू झाला आहे, आपली ऑर्डर नोंदवा.' सोबत हात जोडलेली खूण.

सहावा मात्र लक्षात राहिला. पेटी देताना म्हणाला, "काकू, वरच्या थरातले परवापासून काढा. खालचे बुधवारपर्यंत हलवू नका. आज कापलेत तर मला शिव्या घालाल." मी बुधवारीच काढले. देठाजवळ सुरकुती आली होती, खोलीभर वास. त्याचा दर सगळ्यांत जास्त होता. तो आता परदेशी गेला म्हणे, नाहीतर या धाग्यावर मी कशाला आले असते!

---

धंदेवाईक | १९ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:०२

भावना ठीक, पण धंदा धंद्यासारखा करा. बाजारात लक्ष वेधावंच लागतं. २०२३ साली पुण्यातल्या एका व्यापाऱ्याने हापूस मासिक हप्त्यांवर द्यायला काढला होता, आठवतंय? बातमी देशभर गेली. जाहिरातीवर लाखो उडवून जे साधलं नसतं ते एका कल्पनेत झालं. असं काहीतरी शोधा.

---

मीनल_डों | १९ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:२०

हो, पण पहिल्याची बातमी होते. दुसऱ्याने हप्ते लावले की लोक म्हणतात, आंबा इतका महाग झालाय का?

---

खवचट_खान | १९ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:२५

आणि तिसऱ्याकडे वसुलीला माणूस पाठवावा लागतो. कोय जप्त.

---

तबल्याची_थाप | १९ फेब्रुवारी, रात्री ९:३३

विषय आंब्याचा आहे पण दुखणं आमचंही तेच, म्हणून घुसतो.

मी तबल्याची साथ करतो. सुगमसंगीत, भजन, दिवाळी पहाट, मिळेल ते. पुण्यात दगड मारला तर तबलजीला लागेल. प्रत्येकाच्या परिचयात 'अनेक मान्यवर कलाकारांना साथसंगत' हे वाक्य. माझ्याही होतं. एकदा निवेदिकेने ते वाचलं आणि शेजारच्या पेटीवाल्याचा परिचयही शब्दशः तोच निघाला. प्रेक्षकांत हशा.

मला कामं वाढली ती भलत्याच कारणाने. मी दोन तबले घेऊन जातो, एक काळी एकसाठी, एक काळी चारसाठी. कार्यक्रमात गायक आणि गायिका दोघं असले की मधे तबला चढवत-उतरवत बसावं लागत नाही. नाहीतर काय होतं, पुरुषाचं गाणं संपलं, बाईंचा सूर वर, तबलजी हातोडी घेऊन गठ्ठे ठोकतोय आणि निवेदक वेळ काढायला चौथा विनोद सांगतोय. आयोजकांना माझं नाव आठवत नाही, 'ते दोन तबलेवाले' म्हणून फोन येतो. सुरुवातीला वाईट वाटायचं. रियाज केला तीस वर्षं आणि ओळख काय, तर ओझं उचलतो म्हणून.

---

अनुराधा_कोथरूड | १९ फेब्रुवारी, रात्री ९:५०

'आंबेवाला २' पेक्षा 'दोन तबलेवाले' कितीतरी बरं हो.

---

शिवणटिपण | २० फेब्रुवारी, सकाळी ११:१५

तबलेवाले दादांना अनुमोदन. मी शिवलेल्या नऊवारी करते. आधी सगळं करायचे : पेशवाई, मस्तानी, लावणीची, वर ब्लाऊज, फॉल-बीडिंग. आमच्या एका गल्लीत अशा चौघी. मग मोठ्यांच्या नऊवारी बंदच केल्या, फक्त बारा वर्षांखालच्या मुलींच्या शिवते. सासूबाई म्हणाल्या, पायावर धोंडा पाडून घेतेस. पहिले सहा महिने खरंच धोंडा होता.

पण लहान मुलींचं वेगळं असतं. त्या उभ्या राहत नाहीत. कासोटा टोचला की रडतात, शू आली की सगळं सोडावं लागतं. मी कमरेला नाडीऐवजी रुंद इलॅस्टिक लावते, मागे आतून चेन, आणि उंचीला चार इंच दाब ठेवते. पुढच्या गुढीपाडव्याला दाब उसवून देते, पैसे घेत नाही. त्या उसवायच्या निमित्ताने आई परत येते आणि धाकटीची शिवायला टाकून जाते. जाहिरात म्हणाल तर एवढीच.

---

संपादक_मंडळ | २० फेब्रुवारी, सकाळी ११:४०

चर्चा छान चालली आहे. कृपया फोन क्रमांक आणि दरपत्रक देऊ नये. खरेदी-विक्रीसाठी वेगळा विभाग आहे. (दोन प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. त्यातला एक काजूचा होता.)

---

निसर्गप्रेमी७ | २० फेब्रुवारी, दुपारी १:०५

सगळ्यात मोठा फरक म्हणजे गॅस. बाजारात सगळे गॅसवर पिकवलेलं विष विकतात. तुम्ही अढीत पिकवता हेच ठळक करा. लोक घाबरले की बरोबर तुमच्याकडे येतील.

---

कलमबहाद्दर | २० फेब्रुवारी, दुपारी १:४८

भीती घालून विकू नका, आणि निदान चुकीची तरी घालू नका. कॅल्शियम कार्बाइडवर बंदी आहे आणि ती योग्यच आहे. पण रायपनिंग चेंबरमध्ये वापरतात तो इथिलीन. फळ पिकताना स्वतःही तोच वायू सोडतं. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने दशलक्ष भागांत १०० भागांपर्यंत त्याला परवानगी दिलेली आहे. दोन्हींना 'गॅस' म्हणून एकाच माळेत ओवलं की कार्बाइडवाल्याचंच फावतं.

अढीत चव चांगली येते हे माझंही मत. ते चवीबद्दल सांगा, विषाबद्दल नको.

---

निसर्गप्रेमी७ | २० फेब्रुवारी, दुपारी २:००

तुमचं चेंबर आहे वाटतं.

---

कलमबहाद्दर | २० फेब्रुवारी, दुपारी २:०३

नाही. मेव्हण्याचं आहे. :)

---

नाना_वाशीकर | २० फेब्रुवारी, रात्री ८:३०

वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी टंकतो आहे, शुद्धलेखन पोटात घाला.

मी वाशीच्या फळबाजारात चाळीस वर्षं हिशेबनीस होतो. पूर्वी सौदा रुमालाखाली व्हायचा. दलालाचा आणि घेणाऱ्याचा हात रुमालाखाली, बोटं दाबून भाव ठरायचा, शेजारी उभ्या बागायतदाराला काही कळायचं नाही. तरीही काही पेट्या अशा होत्या की त्यांना वेगळा भाव यायचा. का? तर त्या पेटीच्या फळीवर आल्कतऱ्याने खूण असायची. कुणाची दोन रेघांची, कुणाचा त्रिशूळ. नाव-पत्ता नाही. घेणारा खूण बघायचा, कारण त्या पेटीत वरचा थर आणि तळचा थर सारखा असायचा. बाकीच्यांच्या पेट्या वर नवरी, खाली वऱ्हाड.

एका वर्षी त्रिशूळवाल्याच्या मुलाने तळाला बारीक माल भरला. एकच हंगाम. पुढची तीन वर्षं त्रिशूळाला कोणी विचारलं नाही, पोराने खूण बदलून पाहिली तरी.

---

खवचट_खान | २० फेब्रुवारी, रात्री ८:५१

नाना, 'वर नवरी खाली वऱ्हाड' ढापतोय. आमच्या ऑफिसच्या प्रेझेंटेशनला चपखल बसतंय.

---

सॅन_होजेकर | २१ फेब्रुवारी, सकाळी ६:१२

इकडची गंमत. अमेरिकेने भारतीय आंब्याला २००७ साली दार उघडलं, तेही विकिरण करून आलेल्यालाच. म्हणजे इथे पोचणारा प्रत्येक हापूस लासलगाव किंवा वाशीसारख्या केंद्रातून किरणं खाऊन येतो, विमानभाडं खातो आणि मग आम्ही डझनाला जे मोजतो ते आईला सांगत नाही. इथले विक्रेतेही सगळे 'फार्म फ्रेश' लिहितात. मी एकाच माणसाकडून घेतो, कारण तो आधीच कळवतो : 'या आठवड्याचा लॉट मध्यम आहे, घाई नसेल तर पुढचा घ्या.' दोनदा त्याने माझी ऑर्डर स्वतःहून पुढे ढकलली. असा माणूस सोडवत नाही.

---

धंदेवाईक | २१ फेब्रुवारी, सकाळी १०:३०

आणि त्या 'मध्यम लॉट'चं काय करतो तो? कुणाला तरी विकतोच ना? दुसऱ्या गिऱ्हाइकाला सांगत नसेल एवढंच.

---

सॅन_होजेकर | २१ फेब्रुवारी, रात्री ११:४०

हे कधी डोक्यात आलं नव्हतं. झोप उडवलीत.

---

मीनल_डों | २२ फेब्रुवारी, सकाळी ९:१५

गाडी रुळावर आणते. बागायती, तुमच्या बागेतलं असं काहीतरी सांगा जे बाकीच्या अकरा जणांना सांगता येणार नाही. लोगो-बिगो सोडा. काहीही चालेल.

---

बागायती_राजापूर | २२ फेब्रुवारी, दुपारी २:४५

सगळ्यांचे आभार, एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं.

मीनलताई, तसं खास काही नाही. आंबा चौदा आणे तयार झाला की झेल्याने देठासकट काढतो, चीक अंगावर ओघळू देत नाही, पेंढ्यात अढी लावतो. पण हे चांगला बागायतदार कोणीही करतो.

एक गोष्ट आहे, पण ती सांगण्यासारखी आहे का माहीत नाही. बाबांची एक वही आहे. त्यात प्रत्येक कलमाला नाव : विहिरीवरचं, गडग्याकडचं, थोरली, वाकडं, मास्तरांचं (एका मास्तरांनी खाली बसून शाळेच्या वह्या तपासल्या होत्या म्हणे). कुठल्या कलमाला मोहोर कधी आला, कधी काढलं, किती डझन, साका किती निघाला, सगळं लिहितात. गडग्याकडचं सगळ्यात गोड. वाकड्याचं फळ मोठं पण त्यात साका जास्त, ते आम्ही कॅनिंगला देतो.

---

अनुराधा_कोथरूड | २२ फेब्रुवारी, दुपारी २:५१

अहो, आणि तुम्ही 'देवगड चवीचा' लिहीत बसलात??

---

कलमबहाद्दर | २२ फेब्रुवारी, दुपारी ३:३०

डोक्याला हात लावला. वही बाहेर काढा. मात्र एक इशारा, साका बाहेरून दिसत नाही. फळ कितीही देखणं असो, कापल्याशिवाय कळत नाही, उष्णतेनेही वाढतो. साका नको म्हणूनच वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने नीलम आणि हापूसच्या संकरातून 'रत्ना' काढला. तेव्हा 'साका निघणार नाही' असं वचन देऊ नका. निघाला तर काय कराल ते आधी लिहा.

---

खवचट_खान | २२ फेब्रुवारी, दुपारी ४:००

पाटीचा मजकूर माझ्याकडून फुकट : आमच्या सर्व शाखा राजापुरात, विहिरीवर व गडग्याकडे. इतरत्र कोठेही शाखा नाही.

---

नाना_वाशीकर | २२ फेब्रुवारी, रात्री ८:१०

वा! यावर मी पेटी घेईन.

---

तबल्याची_थाप | २२ फेब्रुवारी, रात्री ९:०५

मला 'मास्तरांचं' हवं. आमचे मास्तरही झाडाखाली बसून मारायचे.

---

बागायती_राजापूर | २१ मे, रात्री ११:०५

धागा वर काढतोय. हंगाम उरकत आला, हिशेब देणं लागतो.

या वर्षी २७५ डझन गेले. दुसऱ्या वर्षीच्या ३४०ला पोचलो नाही. मोहोर उशिरा आला, त्यामुळे पाडवा हुकला. दर मात्र डझनामागे शंभराने वाढवला आणि त्यावर कुणी घासाघीस केली नाही, दोन काका सोडून.

काय केलं : जाहिरातीत देवगड काढलं, गावाचं नाव घातलं. प्रत्येक खोक्यात एकच चिठ्ठी. 'कलम : थोरली. काढणी : १४ एप्रिल. २२ एप्रिलच्या आधी कापू नये. साका निघाल्यास फोटो पाठवा, पुढच्या फेरीत तेवढी फळं मिळतील.' बाबांच्या अक्षरात लिहून घेतल्या आणि झेरॉक्स काढल्या, फक्त कलमाचं नाव आणि तारखा हाताने. सुरुवातीला बाबा वैतागले, "आंब्याला काय जन्मदाखला देताय?" आता ते स्वतःच चिठ्ठीत भर घालतात. एका खोक्यात मला 'या कलमावर यंदा माकडं फार' असं सापडलं. ते तसंच पाठवलं.

साक्याची ६४ फळं भरून दिली. त्यातल्या दोन फोटोंत साका नव्हताच, नुसतं जास्त पिकलेलं होतं, तरी दिली. एक बाई तरीही नाराज आहेत. त्यांनी २२ तारखेची वाट न बघता १७लाच सहा कापले आणि आंबट म्हणून ग्रुपवर लिहिलं. तिथे मी काही लिहायच्या आत दुसऱ्याच एका गिऱ्हाइकाने त्यांना चिठ्ठीचा फोटो पाठवला.

मीनलताईंचं न ऐकता चार रीलही केली. सगळ्यात जास्त पाहिलं गेलं ते पेटीत झोपलेल्या मांजराचं. त्यातून दोन फोन आले, दोन्ही मांजर कुठल्या जातीचं आहे विचारायला.

आणि गेल्या आठवड्यापासून ग्रुपवरच्या आणखी दोघांनी खोक्यात चिठ्ठ्या टाकायला सुरुवात केली आहे. एकाची चिठ्ठी छापील आहे. सगळ्या खोक्यांवर कलमाचं नाव एकच, 'थोरली'.

---

मीनल_डों | २१ मे, रात्री ११:२०

आईशप्पथ! त्याने तुमच्याकडून पेटी घेऊन चिठ्ठीच उतरवली की!

---

नाना_वाशीकर | २२ मे, सकाळी ६:४५

घेऊ द्या उतरवून. त्रिशूळही उतरवायचे लोक. आमच्या पेटीत 'मास्तरांचं' आलं होतं. एकवीसपैकी एकवीस चांगले. नातवाला कोय रुजत घालायची आहे, चालेल ना?

---

कलमबहाद्दर | २२ मे, सकाळी ८:१०

नाना, रुजेल, पण कोयीचं झाड आईच्या वळणावर जाईलच असं नाही. कलम बांधून घ्या. (बागायती, नोंदणीचं काय झालं?)

---

बागायती_राजापूर | २२ मे, सकाळी ९:३०

कागद दिलेत. नाना, मास्तरांची काडी पावसाळ्यात आणून देतो.

---

अनुराधा_कोथरूड | २२ मे, सकाळी १०:०२

माझ्या फोनमध्ये तुम्ही आता 'गडग्याकडचे' म्हणून जतन आहात. शेवटच्या फेरीत गडग्याकडचा एखादा डझन उरलाय का?

---

बागायती_राजापूर | २२ मे, सकाळी १०:१५

गडग्याकडचा संपला हो ताई, ९ तारखेलाच. घरामागे रायवळ आहे थोडा, चोखायचा. पण तो विकत नाही. आलात कधी राजापूरला तर बादलीत घालून ठेवतो.

---

खवचट_खान | २२ मे, सकाळी १०:१६

मी निघालो. बादली कुठली, विहिरीवरची ना?